मेगर ओके आलं म्हणून ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका: वाइंडिंग फॉल्ट शोधायचा कसा आणि मॉडेल करायचा कसा

३३/११ केव्ही सबस्टेशनला पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना माहितीये, ११ केव्ही फीडरवर फांदी पडते, कंडक्टर तुटतो, ब्रेकर उघडतो, परत टाकतात, परत उघडतो, आणि असं तीन-चार वेळा झाल्यावर एखाद्या दिवशी पॉवर ट्रान्सफॉर्मरच बुकोल्झवर (ऑइलमधला गॅस पकडणारी रिले) किंवा डिफरन्शियलवर (दोन्ही बाजूंचे करंट ताडून बघणारी रिले) जातो. मग फोन सुरू होतात आणि प्रत्येक जण पहिलं विचारतो, "मेगर किती आलं?" मेगर, म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्सचं रीडिंग, हजारात (मेगाओहममध्ये) आलं की सगळे खूश, चार्ज करा म्हणतात.

मेगर काय मोजतं ते बघा. एचव्ही (३३ केव्हीची वाइंडिंग) टू अर्थ, एलव्ही (११ केव्हीची) टू अर्थ, एचव्ही टू एलव्ही, बस. एकाच वाइंडिंगचे शेजारचे दोन टर्न (वेढे) एकमेकांना चिकटले तर मेगरला त्याचा पत्ताच लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते आधीपासूनच एकच तांबं आहे. वाइंडिंग जागेवरून सरकलं पण कागद फाटला नाही, तरी मेगर ओकेच. म्हणजे वाइंडिंग फॉल्टचे जे दोन मुख्य प्रकार, इंटरटर्न आणि डिफॉर्मेशन, त्या दोन्हीत मेगर गप्प बसतं.

आणि रिलेसुद्धा बराच वेळ गप्प बसू शकते, हे आकड्यात बघू. ५ एमव्हीए, ३३/११, डीवायएन-११ (एचव्ही डेल्टा, एलव्ही स्टार, न्यूट्रल बाहेर काढलेला) धरा. प्रति टर्न ३० व्होल्ट धरले तर एचव्हीला एका फेजमध्ये ११०० टर्न आणि एलव्हीला साधारण २१२. एचव्हीचा लाइन करंट ८७.५ अँपिअर, डेल्टाच्या आत फेज करंट ५०.५. आता एचव्हीचा एकच टर्न शॉर्ट झाला आणि त्या टर्नमध्ये ३००० अँपिअर फिरायला लागले असं समजा, म्हणजे रेटेडच्या साठपट, तांबं वितळायला लागेल इतकं. पण बाहेर किती दिसेल? ३००० भागिले ११००, म्हणजे २.७ अँपिअर. फुल लोड लाइन करंटच्या जेमतेम तीन टक्के. डिफरन्शियलचा पिकअप (ती उठण्याची मर्यादा) साधारण २० ते ३० टक्क्यांवर ठेवलेला असतो, त्यामुळे तिला हे दिसतच नाही, आणि आत ऑइल उकळत असताना बाहेरचा अँमीटर शांत. म्हणून अशा फॉल्टला बहुतेक वेळा बुकोल्झच आधी पकडतं. १९२१ सालचं पेटंट आहे ते, फ्लोट आणि पाऱ्याचा स्विच एवढंच डोकं, पण इंटरटर्नसाठी अजूनही त्याला तोड नाही. बुकोल्झ आलं असेल तर "हवा असेल" म्हणून रिसेट मारायचं नाही, ही गोष्ट कंट्रोल रूममध्ये लिहून लावावी असं माझं मत आहे.

आता टेस्टिंग. लाइन क्लिअर घेतलंय, दोन्ही बाजू आयसोलेट आणि अर्थ केल्यात हे गृहीत धरतोय. पहिलं काम ऑइलचं सँपल, कारण बाकीचे लोक जंपर सोडवत असतात तेवढ्यात ते होऊन जातं. काचेच्या सिरिंजमध्ये घ्या, बुडबुडा राहू देऊ नका, उन्हात ठेवू नका. डीजीएचा (ऑइलमध्ये विरघळलेल्या गॅसच्या तपासणीचा) रिपोर्ट आला की आधी अॅसिटिलीन बघायचा. साध्या गरम होण्याने तो जवळजवळ बनत नाही, आर्किंग झालं की बनतो. मग ड्युवल ट्रँगल लावायचा, जो कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकच्या मिशेल ड्युवलनी ७० च्या दशकात दिला. मिथेन, इथिलीन, अॅसिटिलीन फक्त हे तीन गॅस घ्यायचे आणि त्यांच्या बेरजेत प्रत्येकाचे टक्के काढायचे. समजा ६०, ८० आणि ११० पीपीएम आले, बेरीज २५०, म्हणजे २४, ३२ आणि ४४ टक्के, हा बिंदू डी-२ मध्ये पडतो, जास्त ऊर्जेचं आर्किंग. सोबत कार्बन मोनॉक्साइड आधीच्या रिपोर्टपेक्षा उडी मारून वर गेला असेल तर कागद जळालाय, म्हणजे नुसता टॅप चेंजरचा किंवा लीडचा प्रकार नसून वाइंडिंगपर्यंत गेलंय असा संशय धरायचा. मात्र टॅप चेंजरच्या चेंबरमधून मेन टँकमध्ये ऑइल झिरपत असेल तरी अॅसिटिलीन दिसतो, त्यामुळे एकट्या डीजीएवर टाकी उघडू नका.

त्यानंतर एसएफआरए (स्वीप फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अॅनालिसिस), आणि ती वाइंडिंग रेझिस्टन्सच्या आधी. हा क्रम खूप ठिकाणी उलटा केला जातो. रेझिस्टन्स मोजायला डीसी सोडतो, कोअरमध्ये मॅग्नेटिझम राहून जातं, मग एसएफआरएच्या ट्रेसमधला सुरुवातीचा डिप उजवीकडे सरकलेला दिसतो आणि लोक विनाकारण घाबरतात. आधीच डीसी मारून झालं असेल तर डीमॅग्नेटाइज करा, मगच ट्रेस घ्या.

एसएफआरएची कल्पना सोपी आहे, वाइंडिंगच्या एका टोकाला थोडे व्होल्ट सोडायचे, फ्रिक्वेन्सी साधारण २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत फिरवायची आणि दुसऱ्या टोकाला किती पोचलं ते डेसिबलमध्ये काढायचं. १९७८ साली ऑन्टारिओ हायड्रोच्या डिक आणि अर्व्हेन यांनी याचा पेपर दिला आणि आयईसी ६००७६-१८ हे स्टँडर्ड यायला २०१२ उजाडलं. ट्रेस वाचताना ढोबळ विभागणी अशी ठेवा: २ किलोहर्ट्झच्या खाली कोअर बोलते, २ ते २० मध्ये दोन वाइंडिंगमधलं नातं, २० किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत वाइंडिंगची स्वतःची रचना, आणि त्याच्या वर तुमच्या टेस्ट लीड आणि त्यांचं अर्थिंग. शेवटच्या भागातला फरक बघून कोणी "वाइंडिंग सरकलंय" म्हणालं तर आधी क्लॅम्प आणि अर्थच्या वेण्या तपासायला सांगा.

टर्न शॉर्ट असेल तर ओपन सर्किट ट्रेसचा डावीकडचा भाग चक्क शॉर्ट सर्किट ट्रेससारखा (दुसरी वाइंडिंग शॉर्ट करून घेतात तसा) दिसायला लागतो, खोल डिप नाहीसा होतो, कारण मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स उरतच नाही. हे इतकं स्पष्ट असतं की नवीन पोरगाही ओळखेल. डिफॉर्मेशन मात्र बारीक असतं, मधल्या पट्ट्यात एखादं शिखर थोडं सरकतं, एखादं नवीन उगवतं. इथे जुना ट्रेस हवाच. जुना नसेल तर त्याच मेकच्या जुळ्या युनिटचा, तोही नसेल तर फेजा आपापसात ताडून बघायच्या, पण मधला लिंब (कोअरचा खांब) कमी फ्रिक्वेन्सीला बाहेरच्या दोघांपेक्षा वेगळा दिसणारच, त्याला फॉल्ट समजायचं नाही. टॅप पोझिशन आणि ऑइल लेव्हल जुन्या टेस्टसारखीच ठेवा आणि जंपर पूर्ण सोडवा, बुशिंगला लोंबकळणारी दोन मीटरची वायरही ट्रेस बिघडवते.

एसएफआरए किट नसेल तरी हातपाय गाळायचं कारण नाही, साध्या २३० व्होल्ट सप्लायवर बरंच कळतं. न्यूट्रलचा अर्थ काढा, एलव्हीच्या आर फेज (तीन फेजा म्हणजे आर, वाय, बी) आणि न्यूट्रलमध्ये २३० सोडा, बाकी सगळं उघडं. सावध राहा, डीवायएन-११ चा फेज रेशो ५.१९६ आहे, म्हणजे त्या वेळी एचव्ही बुशिंगवर जवळजवळ १२०० व्होल्ट येतात, तिकडे कोणी चढलेलं नको. आता मॅग्नेटायझिंग करंट बघा. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला तो मिलीअँपमध्ये येतो, बाहेरच्या दोन लिंबांचा जवळपास सारखा आणि मधल्याचा कमी. वरच्या उदाहरणातला एक टर्न शॉर्ट असेल तर तोच करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास उडी मारेल. त्याच जोडणीत मॅग्नेटिक बॅलन्स करून घ्या: आर ला २३० दिल्यावर वाय ला साधारण २०० आणि बी ला ३० असं काहीसं येतं, मधल्या वाय ला दिल्यावर दोन्हीकडे जवळपास निम्मे-निम्मे. जर वाय ला दिल्यावर आर ला काहीच नाही आणि सगळं बी ला गेलं, तर आर लिंबावर शॉर्ट टर्न आहे, तो फ्लक्सला आत येऊच देत नाहीये.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. २३० व्होल्टला प्रति टर्न जेमतेम एक व्होल्ट पडतो, चालू असताना ३० पडतात. टर्न वितळून जोडले गेले असतील तर एक व्होल्टही पुरे, पण कागद जळून नुसती फट राहिली असेल तर एक व्होल्टला ती फट ओलांडता येत नाही आणि सगळं निरोगी दिसतं. डीजीए वाईट आणि हे सगळं चांगलं असं आलं तर १० केव्हीचं एक्सायटेशन किट मागवा.

रेशो टेस्टवरही फार विसंबू नका. मान्य फरक ०.५ टक्के आणि ११०० मधला एक टर्न म्हणजे ०.०९ टक्के, कसा दिसणार? त्यापेक्षा रेशो मीटर स्वतःचा एक्सायटेशन करंट दाखवतो, तो बघा. वाइंडिंग रेझिस्टन्सचा उपयोग जास्त करून सैल जोड, तुटलेली स्ट्रँड, टॅप काँटॅक्ट यासाठी. तांब्याला ७५ अंशावर आणायचं तर मोजलेला आकडा गुणिले ३१०, भागिले २३५ अधिक वाइंडिंगचं तापमान, आणि फेजांमध्ये दोन टक्क्यांच्या वर फरक नको.

शॉर्ट सर्किट इम्पिडन्स मात्र डिफॉर्मेशनसाठी गरिबाची एसएफआरए आहे. नेमप्लेटवर ७.१५ टक्के असेल तर एलव्ही जाड लिंकने शॉर्ट करून एचव्हीला ४१५ दिल्यावर १५.४ अँपिअर यायला हवेत, एलव्हीत ४६. थ्रू फॉल्टला (बाहेरच्या फॉल्टचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून जातो तेव्हा) आतली एलव्ही वाइंडिंग आत दाबली जाते आणि बाहेरची बाहेर ताणली जाते, दोघींमधली जागा वाढते, रिअॅक्टन्स वाढतो, करंट कमी येतो. नेमप्लेटपासून दोन-तीन टक्के सरकला तर सोडून देऊ नका. प्रत्येक फेज वेगळी मोजली तर अजून चांगलं, कारण एकाच फेजचं बिघडलेलं सरासरीत लपतं.

आता मॉडेल. कशाला करायचं हा प्रश्न रास्त आहे. फॉल्ट किती टक्के टर्नचा झाला की आपली रिले उठेल हे खऱ्या ट्रान्सफॉर्मरवर तपासता येत नाही, म्हणून. एटीपी हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लायसन्सचा फॉर्म भरावा लागतो तेवढाच. त्यातलं बीसीट्रान हे रुटीन नो-लोड आणि शॉर्ट सर्किट टेस्टचे आकडे घेतं आणि तीन फेज, दोन वाइंडिंगसाठी रेझिस्टन्स आणि इंडक्टन्सचे ६×६ मॅट्रिक्स देतं. फॉल्ट टाकायचा म्हणजे त्यातली एक कॉइल फोडायची. टर्न-टू-अर्थला दोन तुकडे, मॅट्रिक्स ७×७. टर्न-टू-टर्नला तीन तुकडे, ८×८. बास्तार, बर्त्रां आणि म्युनिए यांनी १९९४ च्या पेपरमध्ये यासाठी जे नियम वापरले ते असे की तुकड्यांची बेरीज मूळ कॉइलइतकीच आली पाहिजे, रेझिस्टन्स टर्नच्या प्रमाणात आणि सेल्फ इंडक्टन्स टर्नच्या वर्गाच्या प्रमाणात वाटायचा, आणि दोन तुकड्यांमधलं लीकेज (एकाचा फ्लक्स जो दुसऱ्यापर्यंत पोचत नाही) वेगळं धरायचं.

बेरीज करताना म्युच्युअल दोनदा येतं हे विसरू नका. पहिला तुकडा अधिक दुसरा अधिक दुप्पट म्युच्युअल बरोबर मूळ इंडक्टन्स. पहिल्या तुकड्याचे टर्न भागिले दुसऱ्याचे टर्न म्हणजे के आणि लीकेज फॅक्टर सिग्मा म्हटलं, तर दुसऱ्या तुकड्याचा इंडक्टन्स म्हणजे मूळ भागिले (के वर्ग अधिक दोन के गुणिले (एक वजा सिग्मा) या संख्येचं वर्गमूळ अधिक एक), पहिल्याचा त्याच्या के वर्ग पट, म्युच्युअल त्याच्या के गुणिले तेच वर्गमूळ इतके पट.

खरी गोम सिग्मात आहे. एकाच कोअरवरचे तुकडे म्हणून तो अगदी बारीक आकडा असतो, पण फॉल्ट करंट जवळपास त्याच्यावरच ठरतो. सिग्मा शून्य ठेवलात तर शॉर्ट टर्नला अडवायला फक्त रेझिस्टन्स उरतो आणि करंट भलताच येतो. अंदाजाने टाकू नका, वाइंडिंगची मापं मिळत असतील तर एफईएमएम (चुंबकीय क्षेत्र काढणारं सॉफ्टवेअर) मध्ये अक्षाभोवतीचं द्विमितीय चित्र काढून लीकेज काढा, एका संध्याकाळचं काम आहे. आणि बीसीट्रानचं आउटपुट जास्तीत जास्त दशांश स्थळांत घ्या, मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर असतं, चार आकड्यांवर कापलं की लीकेज त्या कापाकापीतच नाहीसं होतं.

कोअरचं सॅच्युरेशन बीसीट्रानमध्ये नसतं, ते नॉन-लिनिअर इंडक्टर म्हणून बाहेरून जोडायचं, कोअरला जवळची म्हणून एलव्हीच्या टर्मिनलवर. फॉल्टसाठी स्विच आणि मालिकेत छोटा रेझिस्टर. रन करण्याआधी स्विच उघडा ठेवून नो-लोड करंट आणि ७.१५ टक्के इम्पिडन्स परत येतात का बघा, येत नसतील तर फोडाफोडीत चूक आहे, पुढे जाऊच नका. हे मॉडेल एक-दोन किलोहर्ट्झपर्यंतच खरं. एसएफआरएचा ट्रेस यातून काढायला जाऊ नका, त्याला डिस्कनुसार कपॅसिटन्स असलेलं लॅडर नेटवर्क लागतं, तो वेगळाच पसारा आहे.

मग फॉल्ट एक टक्का, तीन, पाच, दहा असा सरकवत जा, डिफरन्शियल करंट आणि निगेटिव्ह सिक्वेन्स (फेजांमधला असमतोल दाखवणारा घटक) दोन्ही नोंदवा. कमी टर्नच्या फॉल्टला निगेटिव्ह सिक्वेन्स डिफरन्शियल आधी उठतं असं दिसेल, तुमच्या न्यूमेरिकल रिलेत ते फंक्शन बंद पडलेलं आहे का तेही एकदा बघा. एलव्ही स्टारमध्ये न्यूट्रलजवळचा अर्थ फॉल्ट टाकला तर एचव्हीच्या लाइनमध्ये फारसं काही नाही पण न्यूट्रल सीटीत (करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये) भरपूर, तिथे आरईएफ (रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट रिले) कामाला येते.

रिलेचा डिस्टर्बन्स रेकॉर्ड मॉडेलशी जुळवताना डीवायएन-११ ची जोडणी डोक्यात ठेवा. आर लिंबाची एचव्ही कॉइल आर आणि वाय लाइनच्या मध्ये असते, त्यामुळे त्या लिंबावरचा फॉल्ट आर आणि वाय दोन्ही लाइनमध्ये सारखा आणि उलट दिसतो, बी मध्ये काही नाही. वाय लिंब असेल तर वाय-बी, बी लिंब असेल तर बी-आर. ही जोडी मॅग्नेटिक बॅलन्सच्या लिंबाशी जुळली की रिपेअरवाल्याला टाकी उघडायच्या आधीच लिंब सांगता येतो, आणि जुळली नाही तर आधी सीटीची पोलॅरिटी तपासायची.