‘डायनासोर’ हा शब्द नेमकेपणाने कसा वापरावा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता लिहिणाऱ्या सांगलीच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे, की ‘डायनासोर’ म्हणजे कोणताही अवाढव्य, नामशेष प्राणी नव्हे. ते एका विशिष्ट कुळाचे नाव आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1842 साली ‘भयंकर’ आणि ‘सरडा’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव घडवले. तेव्हा त्यांनी या गटात मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस हे तीनच प्राणी घातले होते.

नावात सरडा असला तरी डायनासोर सरडे नव्हते, आणि हा फरक घरबसल्या दाखवता येतो. भिंतीवरची पाल नीट पाहावी: तिचे पाय अंगाच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असतात आणि कोपरे बाहेर आलेली असतात. अंगणातल्या कोंबडीचे पाय मात्र थेट धडाखाली येतात. डायनासोरांचे पायही असेच धडाखाली येत. शिवाय कोंबडीसह सर्व पक्षी त्यांच्याच कुळातले आहेत. म्हणून ‘सगळे डायनासोर नष्ट झाले’ असे न लिहिता ‘पक्षी सोडून बाकीचे डायनासोर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले’ असे लिहावे.

उडणारे टेरोसॉर, समुद्रातले इक्थिओसॉर आणि केसाळ मॅमथ यांना डायनासोर म्हणू नये. आपल्या कृष्णेतल्या मगरीलाही कौतुकाने कुणी तसे म्हणते; ती डायनासोर नाही, पण सरड्यापेक्षा डायनासोरांना नात्याने जवळची आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

मराठीत हा शब्द पुल्लिंगी आहे. ‘एक डायनासोर’, ‘अनेक डायनासोर’, ‘डायनासोरांची हाडे’ अशी रूपे लिहावीत. ‘डायनासोर्स’ हे इंग्रजी अनेकवचन टाळावे. ‘डायनोसॉर’ असेही लिहितात, मात्र एका तक्त्यात एकच रूप ठेवावे. कालबाह्य माणसाला डायनासोर म्हणणे ही इंग्रजीची लकब आहे. आपल्याकडे ‘जुन्या वळणाचा’ हा शब्दप्रयोग पुरेसा आहे.

सागरेश्वरच्या डोंगरात त्यांची हाडे सापडतील का, असे मुले विचारतातच. तिथला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला आहे, आणि अशा खडकात हाडे सहसा टिकत नाहीत, असे उत्तर द्यावे. महाराष्ट्रातले उदाहरण हवे असल्यास चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे नाव तक्त्यावर घालावे. तिथल्या गाळाच्या खडकांत डायनासोरांची हाडे सापडली आहेत.