हॉप्स कसे साठवावेत आणि शिळे झाल्यावर हिशेब कसा करावा

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी वेलीची वाळवलेली फुले. पाकीट हातात आले की आधी सुगीचे वर्ष बघा. उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, दक्षिणेत साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. हॉप्सचे वय तिथपासून धरायचे, खरेदीच्या तारखेपासून नाही.

हॉप्सचा सगळा कस असतो तो लुपुलिनच्या पिवळ्या भुकटीत, आणि तो उतरतो ऑक्सिजन व उष्णतेमुळे. त्यामुळे पाकीट फोडताच उरलेला माल बिअरच्या एका घाण्याला (ब्रूला) लागेल एवढ्या भागांत वाटून घ्या. फॉइलच्या किंवा जाड नायलॉन-पॉलिथीनच्या पिशव्या व्हॅक्यूम सीलरने बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. पातळ झिपच्या पिशव्यांवर विसंबू नका. फ्रीझर उघडल्यावर हॉप्सचा वास आला, तर जिथून वास बाहेर येतो तिथून ऑक्सिजन आतही जातो. अर्धी रिकामी बरणीही तितकीच वाईट, वरची जागा हवेनेच भरलेली असते. गार पिशवी उघडून अर्धी परत ठेवली, तर पेलेटवर (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांवर) दव धरते आणि ते फुगून भुसभुशीत होतात. म्हणूनच भाग लहान करायचे. प्रत्येक पिशवीवर जात, सुगीचे वर्ष, अल्फा आम्लाचा (ज्यातून बिअरला कडूपणा येतो) टक्का आणि सील केल्याची तारीख लिहा.

आता हिशेब. २० अंश सेल्सिअसला, उघड्या हवेत ६ महिन्यांत किती अल्फा जाते, हे जातीनुसार ठरते. कॅस्केड जवळपास निम्मे गमावते, गलीना बरेच टिकते. तापमान दर १५ अंशांनी उतरले की ऱ्हासाचा वेग निम्मा होतो, म्हणजे तापमानाचा गुणक २० अंशांना १ धरला तर ५ अंशांना ०.५, उणे १० ला ०.२५. पिशवीचा गुणक व्हॅक्यूमला ०.५, नुसत्या हवाबंदला ०.७५, उघड्याला १.

समजा ६ टक्के अल्फाचे कॅस्केड ६ महिने ठेवले. कॅस्केडचे निम्मे उरते म्हणून पाया ०.५ घ्यायचा, आणि घातांक म्हणजे तापमानाचा गुणक × पिशवीचा गुणक. उणे १० अंशांना, व्हॅक्यूममध्ये: ०.५ ला घातांक (०.२५ × ०.५) म्हणजे ०.९२, अल्फा उरले ५.५ टक्के. तेच फ्रिजमध्ये ५ अंशांना उघडे राहिले, तर ०.५ ला घातांक (०.५ × १) म्हणजे ०.७१, उरले ४.२ टक्के. पाककृतीत २८ ग्रॅम असतील, तर पहिल्यातले सुमारे ३१ आणि दुसऱ्यातले ४० ग्रॅम घाला. १२ महिने झाले असतील, तर घातांक दुप्पट धरा.

हा अंदाजच आहे. नेमका आकडा प्रयोगशाळेत मिळतो: हॉप्सच्या अर्कातून २७५ आणि ३२५ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो, त्याचे गुणोत्तर काढतात. ताज्या मालात ते ०.२५ च्या आसपास असते, शिळ्यात चढत जाते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही, ती म्हणजे सुगंध. कडूपणा वजन वाढवून परत आणता येतो, उडालेले तेल नाही. उलट जास्त हॉप्स घातले की पानांची तुरट चव वाढते. म्हणून जुने हॉप्स उकळीच्या सुरुवातीला, कडूपणासाठी वापरा. शेवटच्या मिनिटांसाठी आणि ड्राय हॉपिंगसाठी (उकळीनंतर, गार बिअरमध्ये सुगंधासाठी हॉप्स घालणे) ताजेच घ्या. चिमूटभर हॉप्स तळहातावर चोळून बघा: चीजसारखा, घामट वास आला, तर आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार झाले आहे. असा माल निदान ड्राय हॉपिंगला तरी घालू नका.