वारीत आजारी पडलात आणि दिंडी पुढे गेली, तर

आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. शेगावहून निघणारी पालखी अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर करत सातशेच्या वर चालते आणि महिनाभर वाटेवर असते. आपल्या गावोगावच्या दिंड्यांचं गणित साधारण तेच. एवढ्या दिवसांत प्रत्येकाचं पोट किंवा अंग एकदा तरी बिघडतं, असं धरूनच निघावं. सोबतीही तीच राहत नाही. मृगाचा पाऊस पडला की पेरणीसाठी अर्धी माणसं माघारी फिरतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, वावर थांबत नसतं. अडचण एवढीच, की तुमच्या गोळ्यांची वेळ नेमकी त्या परतलेल्यालाच माहीत असते.

म्हणून पहिलं काम चिठ्ठीचं. पोस्टकार्डाएवढा कागद, बॉलपेनने लिहिलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावरच्या खिशात. त्यावर नाव, गाव, वय, जुने आजार, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं, चालू औषधांची पूर्ण नावं, ताकद आणि वेळ, घरचा नंबर, दिंडीप्रमुखाचा नंबर, सोबत्याचा नंबर. ‘बीपीची पांढरी छोटी गोळी’ असं सांगितलं तर परक्या गावातला मेडिकलवाला काहीच देऊ शकत नाही. तीन दिवसांच्या गोळ्याही अंगावरच ठेवा. बाकी औषधं पिशवीत, पिशवी ट्रकमध्ये आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला, ही चूक दरवर्षी होते.

पायाचे फोड: कातडी सोलू नका. फार ताणला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा आणि वर पट्टी लावा. साखरेचा आजार असेल तर सुई नकोच, ड्रेसिंग करून घ्या, आणि रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे बघा, कारण जखम झालेली कळत नाही.

ऊन: खिशातला कांदा काही करत नाही. आषाढी लवकर आली की नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निघावं लागतं. तेव्हा पहाटे चाला, दुपट्टा ओला ठेवा, पन्हं प्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तोल जातोय, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता खरी फसवी अवस्था: जुलाब, उलटी, ताप. इथे चूक औषधाची कमी आणि घाईची जास्त होते. सगळ्यांचा एकच सल्ला असतो, ‘सलाइन लावून घे, संध्याकाळपर्यंत गाठशील.’ हे ऐकू नका. सलाइनने दोन तास बरं वाटतं, पण पोटातला बिघाड तसाच असतो. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालताना माणूस मधल्या रानात कोसळतो, जिथे दवाखाना नाही आणि कधीकधी फोनला रेंजही नाही.

जुलाब सुरू झाले त्याच गावात थांबा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्णच टाका. अर्ध्या पेल्यात कालवू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर एक-दीड पेला प्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. उपाशी राहू नका. मऊ भात, दही, ज्वारीची अंबील चालते.

तापाला पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी दिंडीत मुठीने वाटली जाणारी डायक्लोफेनॅक या दिवसांत बिलकुल नको, अंगातलं पाणी कमी असताना ती किडनीवर बसते. जुलाब बांधणारी गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नये. साखरेच्या माणसाने अन्न टिकत नसताना नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम उतरू शकते, आणि इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणंही तितकंच घातक. अशा दिवशी काय करायचं हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून त्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

शौचातून रक्त, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, पोटऱ्यांत गोळे, न थांबणारी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय संपले. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा.

मागे एकच माणूस थांबवा. प्रेमापोटी चौघं थांबतात आणि चौघांचीही वारी मोडते. थांबणारा चालता-फिरता हवा, त्याच्याकडे चार्ज केलेला फोन आणि रोख पैसे हवेत. दिंडीप्रमुखाला गावाचं नाव सांगूनच दिंडी हलू द्या.

पुन्हा चालायला कधी लागायचं? गोळी न घेता २४ तास ताप नाही, दोन जेवणं टिकली, लघवी फिकट झाली, मगच. आणि मागे पडलेले टप्पे चालून भरून काढू नका. एसटीने पुढच्या मुक्कामाला जा. ‘पायी वारी खंडित झाली’ म्हणणारे असतात. त्यांना म्हणू द्या, दोन टप्पे एका दिवसात ओढणारा आजारातून उठलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा आडवा होतो. पहिल्या दिवशी सकाळचा टप्पा दुपारच्या विसाव्यापर्यंत चाला, पुढे वाहनात बसा.

तोवर जुना सोबती गेलेला असेल. नवा बोलका नको, तुमच्या चालीचा आणि शेजारी झोपणारा बघा. पहिल्याच मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर, त्याला तीन गोष्टी सांगा: चिठ्ठी कोणत्या खिशात आहे, रात्रीची गोळी किती वाजता, आणि काय दिसलं की न विचारता दवाखान्यात न्यायचं. साखरेचा आजार असेल तर चौथी: घाम सुटून मी बरळायला लागलो आणि गिळता येत असेल तर आधी साखर दे. त्याचीही माहिती विचारून घ्या. चिठ्ठीवरचा सोबत्याचा नंबर त्याच रात्री बदला आणि घरीही कळवा. नाहीतर घरचे परतलेल्यालाच फोन लावत बसतात, आणि तो फोन घरी ठेवून पेरणीला गेलेला असतो.