साठ स्लाइड एकेक करून हलवू नका

समजा अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा आणि गांधीसागर या नागपूरच्या तलावांवर पॉवरपॉइंटमध्ये 60 स्लाइड झाल्या आहेत. आता क्रम बदलायचा आहे. 'व्ह्यू'मधून 'स्लाइड सॉर्टर' उघडा. पहिल्या स्लाइडवर क्लिक करून शिफ्ट दाबून शेवटच्या स्लाइडवर क्लिक केलं की मधल्या सगळ्या निवडल्या जातात. सुट्या स्लाइड हव्या असतील तर कंट्रोल दाबून क्लिक. मग ओढून हलवा, कंट्रोल-डी ने प्रती काढा, लेआउट (स्लाइडवरच्या चौकटींची मांडणी) किंवा ट्रान्झिशन (एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा परिणाम) एकदाच लावा.

त्याहून सोयीचे म्हणजे सेक्शन, म्हणजे नाव दिलेला स्लाइडचा गट. फुटाळ्याच्या पहिल्या स्लाइडवर उजवं क्लिक, 'अ‍ॅड सेक्शन', नाव 'फुटाळा'. पुढे फुटाळ्याच्या सगळ्या स्लाइड त्या एका नावाला धरून वरखाली नेता येतात.

मजकुराचा फॉन्ट किंवा लोगो मात्र असा बदलत नाही. त्यासाठी 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर'मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात जा आणि डावीकडच्या सगळ्यात वरच्या, मोठ्या मास्टरवर बदल करा. खालच्या छोट्या लेआउटवर केला तर तो लेआउट वापरणाऱ्या स्लाइडनाच लागतो. तरीही काही स्लाइड जुन्याच दिसल्या, तर तिथे बहुधा कुणीतरी हाताने रंग-आकार बदललेला असतो. त्या निवडून 'होम'मधलं 'रीसेट' दाबा. वेगळी टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेला मजकूर रीसेटलाही जुमानत नाही, म्हणून मजकूर लेआउटच्या चौकटीतच लिहावा.

दुसऱ्याच्या फाइलमधून स्लाइड आणून पेस्ट करताना 'यूज डेस्टिनेशन थीम' निवडा. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ने त्या फाइलचा मास्टरही सोबत येतो, आणि मास्टरमधला पुढचा प्रत्येक बदल दोनदा करावा लागतो.