हॅम रेडिओवर कमजोर सिग्नलने, टाइप करून गप्पा मारायच्या आहेत? मग आधी एवढं लावून ठेवा

मोड, म्हणजे संगणकाने मजकूर टोनमध्ये पाठवायची पद्धत, निवडण्याआधी समोरच्याला काय सांगायचं आहे ते ठरवा. कॉलसाइन (स्टेशनचं नाव), ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) आणि सिग्नल रिपोर्ट एवढंच हवं असेल तर एफटी८ पुरतो. २०१७ साली आलेला हा मोड १५ सेकंदांच्या पाळ्यांत चालतो, ५० हर्ट्झ जागा घेतो आणि २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा सुमारे २१ डेसिबल खाली असलेला सिग्नलही वाचतो. कानाला तिथे नुसती खरखर ऐकू येते. पण मनाचा मजकूर त्याच्या एका संदेशात १३ अक्षरांपुरताच मावतो. डब्ल्यूएसपीआर हा मोड याहून खाली, उणे ३१ डेसिबलपर्यंत उतरतो, मात्र तो बीकन आहे, म्हणजे नुसती आपली खूण पाठवतो. त्यावर संभाषण होत नाही. या दोघांना बँड कुठवर उघडलाय, म्हणजे त्या पट्ट्यातले सिग्नल कुठवर पोचतात, हे पाहायच्या कामाला लावा आणि बोलण्यासाठी जेएस८ किंवा ऑलिव्हिया हे मोड घ्या.

जेएस८ एफटी८च्याच पायावर उभा आहे, फक्त मजकूर हवा तेवढा लांब लिहिता येतो. तो तुकड्या-तुकड्यांनी जातो: स्लोमध्ये ३० सेकंदांचा तुकडा, नॉर्मलमध्ये १५, फास्टमध्ये १० आणि टर्बोमध्ये ६. नॉर्मलने सुरुवात करा, ७.०७८ किंवा १४.०७८ मेगाहर्ट्झवर. एखादा तुकडा हुकला की वाक्यात भोक पडतं; वारंवार पडू लागलं तर स्लोवर उतरा. मराठी रोमन लिपीत लिहावी लागते, आणि इथे एक खरी अडचण आहे. जेएस८ इंग्रजी शब्दांच्या कोशावरून मजकूर आखडतो. मराठी शब्द त्या कोशात सापडत नाहीत, अक्षर-अक्षर जातात आणि तेवढेच तुकडे वाढतात. म्हणून वाक्यं आखूड ठेवा, नेहमीची वाक्यं आधीच साठवून ठेवा.

जेएस८ आणि एफटी८ दोन्हींना घड्याळ अचूक लागतं. फरक एका सेकंदाच्या आत ठेवा. दोन सेकंदांच्या पुढे गेला की वॉटरफॉलवर (सिग्नल रेषांनी दाखवणाऱ्या पडद्यावर) सिग्नल ठळक दिसतो आणि डिकोड मात्र काहीच होत नाही. लॅपटॉपवर इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा एनटीपीचा प्रोग्राम चालू ठेवा. इंटरनेट नसेल तिथे यूएसबी जीपीएस वापरा, किंवा ऐकू येणाऱ्या स्टेशनांवरून वेळ जुळवायची जेएस८मधली सोय वापरा.

ऑलिव्हियाला घड्याळाची गरज नाही, आणि डोंगरावरच्या स्टेशनसाठी हा मोठाच आधार आहे. २५० हर्ट्झ रुंदी आणि ८ टोन ही जोडी मिनिटाला साधारण १५ शब्द पाठवते. त्याची संवेदनशीलता जेएस८एवढी नाही, पण सिग्नल खालीवर होत असताना आणि वळवाच्या विजा ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) कडकडत असताना पीएसके३१ या दुसऱ्या मोडच्या अक्षरांचा चिखल होतो, ऑलिव्हिया तग धरतो. दोन्हीकडे टोन आणि रुंदी तंतोतंत एक हवी, नाहीतर कचराच छापला जातो. आरएसआयडी, म्हणजे आपला मोड समोरच्या प्रोग्रामला ओळखू देणारा संकेत, दोघांनी चालू ठेवावा. अक्षरं काही सेकंद उशिरा उमटतात, तेव्हा समोरच्याचं संपल्यावर जरा थांबून मगच पाठवा.

आता रिग, म्हणजे रेडिओ संच. ४० मीटरवरही यूएसबीच, म्हणजे अप्पर साइडबँड. फिल्टर ३ किलोहर्ट्झपर्यंत उघडा. नॉइज रिडक्शन आणि स्पीच प्रोसेसर बंद. विंडोजचे आवाज बंद करा, नाहीतर ईमेलची घंटी हवेत जाते. पाठवण्याची पातळी एएलसीचा (पातळी आपोआप आवरणाऱ्या सोयीचा) काटा हलेपर्यंत वाढवा आणि तो शून्यावर येईपर्यंत खाली घ्या. एएलसी हलत राहिला तर शेजारच्यांच्या वॉटरफॉलवर तुमच्या भुतांच्या रेषा उमटतात. पाळी चालू असते तोवर रिग सलग पूर्ण ताकदीने चालते, म्हणून १०० वॉटची रिग ३० वॉटवर आणा. ऑडिओचा टोन १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान ठेवला तर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा हार्मोनिक फिल्टरच्या बाहेर पडतो.

पाठवताना लॅपटॉपची यूएसबी जोडणी तुटत असेल किंवा पीटीटी (पाठवणं चालू-बंद करणारा स्विच) अडकून राहत असेल तर आरएफ, म्हणजे आपलाच रेडिओ सिग्नल, केबलमधून आत येतोय. केबलला दोन्ही टोकांना ३१ मिक्सचे (या प्रकारच्या मिश्रणाचे) फेराइट लावा, अँटेनाच्या फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडते तिथे, आरएफ अडवणारा चोक घाला. पीटीटीला कमाल वेळेची मर्यादाही घालून ठेवा.

शेवटी समोरच्याशी वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, वेग आणि पर्यायी बँड आधीच ठरवा. पुणे-नागपूर अंतरासाठी दिवसा ४० मीटर घ्या. ग्रिड नीट भरा: पुणे एमके६८, नागपूर एमएल९१. आणि वीज जवळ चमकू लागली तर संभाषण अर्धवट असलं तरी अँटेनाची केबल काढून ठेवा.