डार्क मॅटरवर काम करायचंय? आधी कणांच्या मागे लागू नका

एमएस्सीला मी प्रोजेक्टसाठी डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) घेतलं ते निव्वळ नाव भारी वाटलं म्हणून. पहिले तीन महिने विम्प, अ‍ॅक्सिऑन, स्टराइल न्यूट्रिनो असे डार्क मॅटर असू शकतील ते कण वाचत सुटलो, वहीत कोणाचं वस्तुमान किती याचं मस्त टेबल केलं, आणि सरांनी एकच विचारलं, "बरं, मग गॅलक्सी कशी बनते ते सांग". झालं, दातखीळ बसली.

तर नवीन येणाऱ्यांनो, उलट्या टोकाने, म्हणजे गॅलक्सीपासून सुरुवात करा. एक हिशोब स्वतःच्या हाताने करा. विश्व ३,८०,००० वर्षांचं असताना प्रकाश मोकळा झाला, तोच आज सीएमबी (आकाशभर पसरलेलं मायक्रोवेव्ह प्रारण) म्हणून दिसतो आणि त्यातले तापमानाचे चढउतार लाखात एक इतकेच (कोबे उपग्रहाने १९९२ ला दाखवले), साध्या मॅटरच्या घनतेतला फरकही तेव्हा साधारण तितकाच छोटा. तेव्हापासून विश्व पसरलं सुमारे ११०० पट, आणि हा फरकही फार तर तेवढाच पट वाढतो, म्हणजे आज काही टक्के. त्यातून गॅलक्सी काय, काहीच उभं राहत नाही! साधं मॅटर तोवर प्रकाशाच्या दाबात अडकलेलं, पण डार्क मॅटरला प्रकाशाशी देणंघेणंच नाही, त्यामुळे त्याने गुरुत्वाकर्षणाचे खड्डे आधीच खणून ठेवलेले, वायू नंतर त्यात पडला.

हे डोक्यात बसलं की ते टेबल बोलायला लागतं. साधे न्यूट्रिनो तर खरेच आहेत, मग तेच डार्क मॅटर का नाही? कारण ते इतके सुसाट पळतात की छोटे चढउतार पुसले जातात, आधी सुपरक्लस्टर (गॅलक्सींचे प्रचंड समूह) आणि मग तुटून गॅलक्सी असा उलटा क्रम येतो. १९८३ ला व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिसने सिम्युलेशन करून दाखवलं की असं विश्व आपल्यासारखं दिसत नाही. विम्प जड म्हणून थंड, म्हणजे संथ. अ‍ॅक्सिऑन मात्र इलेक्ट्रॉनपेक्षा अब्जावधी पट हलका असूनही थंडच, कारण तो उष्णतेतून बनतच नाही, जन्मतःच जवळपास स्थिर (व्हायवात हमखास अडकवतात).

मग घनतेतले चढउतार कसे वाढतात ते काढणारा क्लास नावाचा फुकट कोड लॅपटॉपवर टाका, न्यूट्रिनोचं वस्तुमान बदलून चढउतारांचा आलेख कुठे खाली येतो बघा. त्यानंतर गॅजेट, कणांवरून विश्वाचं सिम्युलेशन करणारा कोड. माझा पहिला रन, १२८ घन म्हणजे सुमारे २१ लाख कण, रात्रभर जागचा हललाच नाही कारण सुरुवातीचा डेटा मेगापार्सेकमध्ये आणि गॅजेटला सांगितलेलं किलोपार्सेक (अंतराचं हजारपट लहान एकक), सगळं विश्व हजारपट लहान डब्यात कोंबलेलं. आता रन टाकायच्या आधी पहिल्या दहा कणांचे आकडे प्रिंट करून बघतो.