५१२ एमबी रॅम आणि रात्री बंद पडणारा डेटाबेस

माझ्या सर्वांत स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) मारियाडीबी (डेटाबेस) दर दोन-तीन रात्रींनी बंद पडायचं. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, म्हणून महिनाभर तेवढंच करत राहिलो. शेवटी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडला. तिथे सरळ लिहिलं होतं, 'आउट ऑफ मेमरी', आणि पुढे मारलेल्या प्रोसेसचं नाव. रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी मोकळी करायला प्रोसेस मारणारी यंत्रणा) बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्यालाच उडवतो, म्हणून बळी डेटाबेसचा जात होता.

खरं मूळ पीएचपी-एफपीएममध्ये (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) होतं. रात्री बॉट (साइट आपोआप धुंडाळणारे प्रोग्राम) आले की वर्करची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची, गर्दी. एकेक वर्कर ४० एमबीच्या आसपास आणि मॅक्स चिल्ड्रन (वर्करची कमाल संख्या) २०! म्हणजे ८०० एमबी, तेही ५१२ मध्ये. तो आकडा ५ वर आणला. मग १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) केली, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), एफस्टॅब या सेटिंग फाइलमध्ये नोंद (ही करायची राहिली तर रीबूटनंतर स्वॅप गायब), स्वॅपीनेस (स्वॅप वापरण्याकडचा कल) ६० वरून १०. काही व्हीपीएस जुन्या ओपनव्हीझेड कंटेनरमध्ये चालतात, त्यांचा कर्नल सामायिक असतो, म्हणून तिथे अशी स्वॅप करता येत नाही. सर्व्हर घेण्याआधी केव्हीएम (स्वतःचा कर्नल असलेला आभासी सर्व्हर) आहे ना, ते जरूर बघा.

आता मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये 'अव्हेलेबल'चा रकाना शंभर एमबीच्या वर असतो. बघायचा तोच, 'फ्री'चा नाही. डेटाबेस तेव्हापासून एकदाही पडलेला नाही.